पळसपापडीची परीक्षा

या रे बाळांनो, जवळ या. माझ्या तळहातावर काय आहे, ओळखा पाहू! चपटी, तांबूस, नाण्यासारखी. ही पळसपापडी. शिमग्याच्या सुमारास रान पेटल्यासारखा फुलतो ना पळस, त्याची ही बी. पोटात जंत झाले की हिचे चूर्ण द्यावे, असे आयुर्वेद सांगतो. पण ती खरेच लागू पडते का, हे कुणाला विचारायचे? तर थेट कृमींनाच!

औषधशास्त्राचे विद्यार्थी आधी गांडुळे आणतात, कारण ती सहज मिळतात. काही बश्यांत पळसपापडीचा कमी-जास्त तीव्र अर्क, एकीत जंतांवरचे ठाऊक असलेले औषध पिपराझीन आणि एकीत नुसते सौम्य मीठपाणी. मग घड्याळ लावून बसायचे. कोणते गांडूळ कधी लुळे पडले, कधी मेले, सारे टिपायचे. मेले की नुसते निपचित पडले? 50 अंश सेल्सिअसच्या पाण्यात बुडवायचे. तरीही हलले नाही, तर मेलेच.

मीठपाण्याची बशी कशाला, असे विचारता? अरे, खरी साक्षीदार तीच! तिच्यातलीही गांडुळे मेली, तर अर्काला श्रेय कसे द्यायचे?

पण गांडूळ पडले मातीतले, शेतकऱ्याचे सोबती. पोटातल्या चोराची जात वेगळी. म्हणून पुढची पायरी हिमॉन्कसची. हा मेंढीच्या जठरात राहून रक्त पितो. मादीचे रक्ताने भरलेले लाल आतडे आणि पांढरे अंडाशय एकमेकांना पीळ घालून असतात, जणू लाल-पांढरा गोफच! ती रोज हजारो अंडी घालते. लेंड्यांतून ती अंडी वेगळी करून अर्कात ठेवतात आणि 48 तासांनी किती अळ्या बाहेर आल्या ते मोजतात.

शेवटची पायरी सगळ्यांत अवघड: जिवंत मेंढी. बशीत अर्क कृमीला चहूकडून वेढतो. पोटात मात्र तो पातळ होतो, पचतो. बशीतले कितीतरी बहाद्दर इथे हरतात. पळसपापडी? 2006 साली पाकिस्तानातल्या संशोधकांनी निकाल प्रसिद्ध केला. किलो वजनामागे 3 ग्रॅम चूर्ण दिल्यावर दहाव्या दिवशी लेंड्यांतली अंडी सुमारे 78 टक्के घटली. शाब्बास! पण हिशेब करा: 30 किलोच्या मेंढीला 90 ग्रॅम चूर्ण! शिवाय लेव्हामिसोल हे नेहमीचे औषध तिच्याहून सरस ठरले.

मग एवढा खटाटोप कशाला? कारण जगभर मेंढ्यांतले जंत जुन्या औषधांना दाद देईनासे झाले आहेत. उद्याचे औषध एखाद्या बीतही दडलेले असेल. शोधायला हवेच.

तोवर बाळांनो, पळसपापडी घरी कुटून खाऊ नका. 10 फेब्रुवारीला आणि 10 ऑगस्टला राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळेत अल्बेंडाझोलची गोळी देतात, ती नीट चावून खा. ती परीक्षा पार करून आलेली आहे.