एआय ब्राउझरकडून ‘रनबुक’ लिहून घेताना: आयटीतल्या मुलामुलींनी काय सांभाळावं?

आपली बरीच मुलंमुली आज पुणे, मुंबई, बंगळुरूच्या कंपन्यांत सपोर्टच्या कामाला आहेत. ‘आज मी ऑन-कॉल आहे’ हे वाक्य घरात ऐकू येतं, पण म्हणजे नक्की काय, हे अम्मी-अब्बांना सांगता येत नाही. त्या कामातली एक महत्त्वाची चीज म्हणजे रनबुक.

सर्व्हर बंद पडला, कोणी परकं सिस्टिममध्ये घुसलं, तर कोणी, कोणत्या क्रमाने, काय करायचं याची लिहून ठेवलेली कृती म्हणजे रनबुक. आधी फोन कोणाला, कमांड कोणती, ती चालली हे कशावरून ओळखायचं, आणि नाही चालली तर मागे कसं यायचं. रात्री तीनला झोपेतून उठलेल्या माणसाचं डोकं चालत नाही, हे गृहीत धरून ती लिहायची असते.

ती नीट नसेल तर काय होतं, हे गिटलॅब कंपनीच्या उदाहरणात दिसतं. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री दुरुस्ती करताना एका इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवरचं डेटाबेसचं फोल्डर पुसलं. लक्षात येऊन थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबीच उरला होता. बॅकअप शोधायला गेले तर रोजचा बॅकअप व्हर्जन जुळत नसल्याने होतच नव्हता. तो फेल झाल्याचे ईमेलही कोणापर्यंत पोहोचत नव्हते! दुसऱ्याच कामासाठी सहा तास आधी काढलेली एक प्रत होती, तिच्यावर निभावलं. कंपनीने हे सगळं जाहीरपणे लिहिलं, म्हणून जगाला शिकता आलं.

आता एआय ब्राउझरकडे येऊ. पर्प्लेक्सिटीचा कॉमेट, ओपनएआयचा ॲटलस हे २०२५ मध्ये आले. उघडलेलं पान ते वाचतात आणि बाजूच्या चौकटीत तुमच्याशी बोलतात. रनबुकसाठी याचा खरा फायदा आहे. जुन्या घटनेचं तिकीट उघडा आणि ‘काय, किती वाजता झालं, क्रमाने मांड’ असं सांगा. विस्कळीत नोंदींतून सरळ मसुदा मिळतो. त्याहून उपयोगी प्रश्न म्हणजे, ‘काल रुजू झालेला माणूस हे वाचून कुठे अडेल?’ जाणकार माणूस ज्या पायऱ्या सवयीने गाळतो, त्या इथे सापडतात.

पण कमांडच्या बाबतीत त्याच्यावर भरवसा ठेवू नका. अस्तित्वातच नसलेला पर्याय तो छातीठोकपणे लिहून देतो. वर्गात न समजता पाठ केलेलं उत्तर जसं सुबक अक्षरात येतं, तसंच हे. प्रत्येक कमांड आधी चाचणीच्या सर्व्हरवर चालवून बघायची, मगच रनबुकमध्ये घ्यायची.

दुसरा धोका कमी लोकांना माहीत आहे. वेबपानावर माणसाला न दिसणाऱ्या अक्षरांत कोणी सूचना लपवली, तर ब्राउझर ती तुमचाच हुकूम समजून पाळू शकतो. याला प्रॉम्प्ट इंजेक्शन म्हणतात. ऑगस्ट २०२५ मध्ये ब्रेव्हच्या संशोधकांनी कॉमेटमध्ये हे करून दाखवलं होतं. म्हणून ज्या ब्राउझरमध्ये कंपनीचं ॲडमिन लॉगिन उघडं आहे, तिथे हे काम नकोच. लॉगमध्ये ग्राहकांची नावं, नंबर, कधी कधी पासवर्डसुद्धा असतात. ते आधी काढा, आणि हे साधन वापरायला कंपनीची परवानगी आहे का, ते लेखी विचारा. नोकरी जाण्यापेक्षा एक ईमेल बरा.

भारतातल्या रनबुकमध्ये आणखी एक ओळ हवीच. सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवाव्या लागतात. मसुद्यात ही ओळ नसेल तर स्वतः लिहा. कोण कळवणार, तो सुट्टीवर असेल तर कोण, हेही लिहा. ही माहिती एआयला कुठल्याही पानावर मिळणार नाही, ती तुमच्या टीमकडेच आहे.

घरासाठीही अशी एक छोटी रनबुक करता येते. खात्यातून पैसे गेले तर लगेच १९३० ला फोन, मग बँकेला फोन करून कार्ड बंद, मग सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार. बँकेचा नंबर कार्डाच्या मागे बघून आत्ताच लिहून घ्या, गूगलवर शोधायला जाऊ नका, तिथे खोटे कस्टमर केअर नंबरही सापडतात. कागद फ्रिजवर चिकटवा, कारण फोन हॅक झाला तर फोनमधली नोंद कामाला येणार नाही.