औषध शिरेतून, मारा उजेडाचा! कॅन्सरवरची ‘फोटोडायनॅमिक’ उपचारपद्धती नेमकी काय?

घाणेरी खाल्लेलं जनावर उन्हात बांधलं की त्याच्या पांढऱ्या कातडीवर चट्टे पडतात, कातडी सोलपटते. घाणेरीनं लिव्हर बिघडतं. मग चाऱ्यातल्या हिरव्या रंगापासून पोटात तयार होणारं द्रव्य बाहेर न पडता रक्तात साचतं आणि ऊन लागलं की कातडी भाजते. म्हणूनच असं जनावर सावलीत बांधायला सांगतात. कॅन्सरच्या पेशी मारायलाही डॉक्टर हेच तत्त्व वापरतात.

या उपचारात पॉर्फिमर सोडियम हे औषध शिरेतून देतात. ते सगळ्या अंगात पसरतं. निरोगी भागातून बऱ्यापैकी निघून जातं, पण गाठीत जास्त काळ टिकतं. म्हणून ४० ते ५० तास थांबून, दुर्बिणीतून बारीक तार आत घालून गाठीवर लेसरचा लाल उजेड सोडतात. उजेड पडताच औषध जागं होतं आणि पेशीतल्या ऑक्सिजनला इतकं तीव्र करतं की पेशी आतूनच मरते. गाठीला रक्त पुरवणाऱ्या बारीक नसाही बंद पडतात. नुसतं औषध किंवा नुसता उजेड हे काम करू शकत नाही.

कॅनडात १९९३ साली मूत्राशयाच्या कॅन्सरसाठी या औषधाला मंजुरी मिळाली. पुढे अन्ननलिका आणि श्वासनलिकेच्या कॅन्सरसाठीही ते वापरात आलं.

मात्र हा उजेड साधारण एक सेंटिमीटरच आत पोचतो. त्यामुळे मोठ्या गाठीवर किंवा अंगभर पसरलेल्या कॅन्सरवर याचा उपयोग नाही.

पथ्यही कडक आहे. थोडं औषध कातडीतही राहतं, त्यामुळे किमान ३० दिवस उन्हात जायचं नाही. सनस्क्रीन लावूनही भागत नाही. शेतात राबणाऱ्या माणसानं हा महिना आधीच धरून चालावं. घरातला साधा उजेड मात्र चालतो.

उन्हात बसून किंवा बाजारातल्या लाल दिव्याचा शेक घेऊन कॅन्सर बरा होत नाही. त्यात वेळ गेला तर गाठ वाढते. तंबाखू, गुटखा खाणाऱ्यांच्या तोंडातली जखम किंवा पांढरा-लाल चट्टा दोन आठवड्यांत गेला नाही, तर लगेच डॉक्टरांना दाखवा. आजार लवकर सापडला, तरच उपचाराचे जास्त मार्ग हातात राहतात.