मक्लक

मक्लक हे आर्क्टिक व उप-आर्क्टिक प्रदेशांतील आदिवासी समाजांचे पारंपरिक मऊ पादत्राण आहे. हा बूट सील, कॅरिबू किंवा रेनडियर यांच्या कातड्यापासून हाताने शिवला जातो. अलास्का, कॅनडा, ग्रीनलंड आणि सायबेरियाचा ईशान्य भाग येथील इनुइट, इनुपियाट व युपिक लोकांमध्ये अशा बुटांची जुनी परंपरा आहे. 'मक्लक' हा शब्द मूळचा बुटाचा नसून एका प्राण्याचा आहे.

व्युत्पत्ती

युपिक भाषेत 'मक्लाक' म्हणजे दाढीवाला सील (शास्त्रीय नाव : एरिग्नॅथस बार्बेटस). या सीलच्या जाड व चिवट कातड्याचा उपयोग बुटाच्या तळव्यासाठी होत असे. अलास्कात आलेल्या परकीयांनी प्राण्याचे नाव त्याच्या कातड्यापासून बनणाऱ्या बुटाला दिले आणि १९व्या शतकाच्या उत्तरार्धात ते इंग्रजीत रूढ झाले. युपिक भाषेत बुटासाठी 'पिलुगुक' यांसारखे स्वतंत्र शब्द आहेत. कॅनडा व ग्रीनलंडमधील इनुइट लोक बुटाला 'कामिक' म्हणतात, तर इनुपियाट लोक दाढीवाल्या सीलला 'उग्रुक' म्हणतात. त्यामुळे 'मक्लक' हे या सर्व समाजांचे समान नाव आहे, असे मानणे बरोबर ठरत नाही.

उच्चारातील साम्यामुळे मक्लक आणि 'मक्तक' या शब्दांत गल्लत होण्याचा संभव असतो. मक्तक हा व्हेलची त्वचा व तिच्याखालील चरबी यांपासून बनणारा खाद्यपदार्थ आहे.

साहित्य व रचना

तळव्यासाठी दाढीवाल्या सीलचे, तर नडगीवरील भागासाठी लहान जातींच्या सीलचे किंवा कॅरिबूच्या पायाचे कातडे वापरतात. कोरड्या, कडक थंडीसाठी केस राखलेले कातडे निवडले जाते, कारण कॅरिबूच्या केसांत हवा धरून ठेवली जाते व पाय उबदार राहतो. बर्फ वितळू लागल्यावर ओलाव्यापासून बचाव महत्त्वाचा ठरतो. त्या काळासाठी केस काढलेल्या सील-कातड्याचे बूट असतात.

बुटाच्या आत कातड्याचे किंवा जाड लोकरी कापडाचे मोजे आणि तळाशी वाळलेले गवत घालतात. गवत घाम शोषून घेते आणि ओले झाले की बदलता येते. बूट सैल व लवचीक असल्याने पावलाची हालचाल आणि रक्ताभिसरण सुरू राहते. बर्फावर पावलांचा आवाजही कमी होतो, ही गोष्ट शिकाऱ्याच्या उपयोगाची असते.

शिवणकाम

बूट शिवण्याचे काम परंपरेने स्त्रिया करतात. 'उलू' या अर्धवर्तुळाकार पात्याच्या सुरीने कातडे कापले व खरवडले जाते. तळव्याचे कातडे पुढच्या व मागच्या बाजूने वर वळवून त्याला बारीक चुण्या पाडतात. त्यासाठी पूर्वी कातडे दातांनी चावून मऊ केले जाई आणि चुण्याही दातांनीच पाडल्या जात.

शिवणीसाठी प्राण्यांच्या कंडरेचा धागा वापरतात. जलरोधक शिवणीत सुई एका कातड्याच्या अर्ध्याच जाडीतून नेली जाते. त्यामुळे कोणतेही छिद्र आरपार जात नाही. धागा ओला झाल्यावर फुगतो आणि उरलेली फटही बुजते. बर्फाळ पाण्यात बूट गळल्यास हिमदंश होऊन पाय गमावण्याची, प्रसंगी जीव जाण्याची भीती असे. त्यामुळे शिकाऱ्याची सुरक्षितता घरातील शिवणाऱ्या स्त्रीच्या कौशल्यावर अवलंबून होती.

नक्षी

निरनिराळ्या रंगांच्या कातड्यांचे तुकडे जोडून बुटांवर नक्षी केली जाते. कॅनडातील काही इनुइट समूहांत पुरुषांच्या बुटांवर उभे आणि स्त्रियांच्या बुटांवर आडवे पट्टे असतात. ग्रीनलंडमध्ये स्त्रियांच्या राष्ट्रीय पोशाखात मांडीपर्यंत येणाऱ्या सुशोभित कामिकचा समावेश होतो.

सद्यस्थिती

कारखान्यात तयार होणाऱ्या बुटांमुळे मक्लकचा दैनंदिन वापर घटला आहे. अमेरिकी सैन्याच्या अतिशीत हवामानासाठीच्या कापडी बुटांनाही हेच नाव मिळाले. पुढे ते बाजारातील अनेक मऊ, केसाळ बुटांना लावले जाऊ लागले. त्यांपैकी बहुतेकांत सीलचे कातडे नसते. म्हणजे ज्या प्राण्यावरून नाव पडले, तोच प्राणी वस्तूतून नाहीसा झाला आहे.

खुद्द सीलच्या वापरावरही कायद्याच्या मर्यादा आल्या. अमेरिकेच्या १९७२च्या सागरी सस्तन प्राणी संरक्षण कायद्यात अलास्कातील मूळ रहिवाशांना उपजीविकेसाठी व पारंपरिक हस्तकलेसाठी शिकारीची सवलत आहे. युरोपीय संघाने २००९मध्ये सील-उत्पादनांच्या विक्रीवर निर्बंध घातले आणि इनुइट समाजाच्या पारंपरिक शिकारीला अपवाद ठेवला. तरीही सील-उत्पादनांची एकूण मागणी घटल्याने आपल्या उत्पन्नाला फटका बसल्याचे इनुइट संघटनांचे म्हणणे आहे.

दाढीवाला सील पिल्लांना जन्म देण्यासाठी समुद्री बर्फावर अवलंबून असतो. बर्फ घटत असल्यामुळे अमेरिकेने २०१२मध्ये या प्राण्याच्या बेरिंग समुद्र परिसरातील समूहाचा संकटग्रस्त होण्याचा धोका असलेल्या प्राण्यांत समावेश केला. पारंपरिक मक्लक टिकण्यासाठी शिवणकलेचे ज्ञान नव्या पिढीकडे जाणे जितके आवश्यक आहे, तितकेच या सीलचे अस्तित्व टिकणेही आवश्यक आहे.