कालवं, शिनाणे, चिंबोरी आणि नोकरी : खाडीकाठच्या मुलांना नेमका कुठे वाव आहे?

अलिबाग : मागच्या हिवाळ्यात आमच्या खाडीवर एक सर्व्हेची टीम आली होती. दोन मुलं, एक मुलगी. होडी भाड्याने घेतली, लोखंडी पंजासारखं यंत्र दोरीने तळाला सोडलं, चिखल वर काढला आणि बारीक चाळणीत धुऊन त्यातले किडे, शिंपले, खुबे बाटल्यांत भरायला लागली. गावातली माणसं बांधावर उभी राहून हसत होती. चिखल न्यायला मुंबईवरून कशाला आलेत, म्हणे.

पण दुपारपर्यंत त्यांचं काम अडलं. खुब्याची जागा सापडेना. मग वाडीतल्या एका काकूंनी दाखवली. चाळीस वर्षं ओहोटीला जाणारी बाई, ओल्या चिखलावरची दोन भोकं बघून खाली काय आहे ते सांगते. काकूंना त्या दिवसाची मजुरी मिळाली. संध्याकाळी त्या मुलीने मला विचारलं, "दादा, गावात बीएस्सी प्राणिशास्त्र झालेलं कोणी आहे का? वर्षभर दर महिन्याला इथून नमुने काढायला माणूस लागणार आहे." मी डोकं खाजवलं. आमच्या गावात आयटीआय झालेले वीस-बावीस आहेत, बीकॉम डझनभर. प्राणिशास्त्राचं एकही नाही. ते काम नवी मुंबईच्या मुलाला गेलं. तो भरती-ओहोटीचं टाइमटेबल मोबाईलवर बघतो.

तेव्हापासून ही माहिती गोळा करतोय. उरणपासून श्रीवर्धनपर्यंत आपला किनारा पडलाय, धरमतर, कुंडलिका, राजपुरी, बाणकोट अशा खाड्या आत शिरल्यात, आणि पोरं जेट्टीवर कंत्राटी हेल्पर म्हणून उभी राहतात. त्या कामाला नावं ठेवत नाही, मीही केलंय. पण पाण्यातल्या कामांच्या जाहिराती निघतात आणि आपल्याला पत्ता नसतो, हे खरं आहे.

आधी धंद्याचं बघू

कवचाच्या प्राण्यांची शेती म्हटली की आपल्याकडे चार गोष्टी येतात : कोळंबी, चिंबोरी, कालवं आणि शिनाणे (हिरव्या कवचाचे, खडकाला चिकटून राहतात ते. काही गावांत नाव वेगळं असेल).

शिनाण्याची शेती सगळ्यात स्वस्त, कारण त्याला खाणं घालावं लागत नाही. पाण्यात तरंगणारं बारीक शेवाळ तो गाळून खातो. पाऊस संपला की खडकावरचं बारीक बी गोळा करायचं, दोरीभोवती लावायचं, वरून सुती जाळीचं कापड शिवायचं आणि बांबूच्या तराफ्याला किंवा रोवलेल्या खांबांना टांगायचं. काही दिवसांत बी स्वतःच्या धाग्यांनी दोरीला चिकटतं, कापड कुजून गळून जातं. पाच-सहा महिन्यांत माल तयार. मात्र पावसाळ्याच्या आत काढायलाच हवा. जूनमध्ये गोडं पाणी खाडीत उतरलं की खारेपणा पडतो आणि सगळं मरतं. केरळच्या कासरगोड जिल्ह्यात पडन्ना, चेरुवत्तूर भागात १९९६-९७ पासून बायकांचे बचतगट हे करताहेत. तंत्र केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचं, पण राबवलं बायकांनी.

आपल्याकडे सिंधुदुर्गात शिनाणे, कालवं, खेकडे यांचे गट झाले. राज्याची 'कांदळवन संवर्धन व उपजीविका निर्माण योजना' २०१७ सालची. गावात कांदळवन सहव्यवस्थापन समिती करायची, तिच्यामार्फत गट करायचा. गटाच्या प्रकल्पाला ९० टक्के पैसे शासनाचे, १० टक्के गटाचे. एकट्याने केलं तर ७५ आणि २५. बघणारं खातं म्हणजे वनविभागाचा कांदळवन कक्ष, आणि त्याच्या जोडीला कांदळवन प्रतिष्ठान. आपल्या खाडीकाठच्या गावांनीही चौकशी करायला हरकत नाही.

चिंबोरीचं गणित वेगळं. ती माणसासारखी भांडकुदळ. कवच टाकते तेव्हा अंग मऊ पडतं आणि शेजारीण तिला खाऊन टाकते. म्हणून तळ्यात हजार बी सोडलं तर हजार हाताला लागत नाही, हे आधीच धरून चालायचं. बी बहुतेक तामिळनाडूतल्या राजीव गांधी जलसंवर्धन केंद्राच्या हॅचरीतून येतं. नवख्याने बी वाढवण्याच्या भानगडीत न पडता पोकळ चिंबोरी विकत घेऊन तीन-चार आठवडे खाऊ घालून भरवावी, असं माझं मत. नुकतंच कवच टाकलेली पोकळ चिंबोरी बाजारात कवडीमोल जाते, तीच भरली की भाव कुठल्या कुठे. आपल्या खाडीकाठच्या बायका आकडीने चिंबोरी काढतात आणि पोकळ कोणती, भरलेली कोणती ते पायाच्या बुडाशी दाबून ओळखतात. हे शिकायला कोणाला कोची गाठावी लागत नाही.

कोळंबीबद्दल थोडक्यात. इथे पैसा मोठा आणि जोखीमही मोठी. २००९ पासून देशात वेनामी जात आली. रात्री एरेटर बंद पडला तर सकाळी तळं पांढरं. १९९४-९५ च्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाने देशातली किती तळी बसवली ते जुन्या लोकांना विचारा. माल परदेशी जातो, म्हणून तिकडचा वारा इकडे लागतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचं शुल्क ५० टक्क्यांवर नेलं, तेव्हा सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. शिवाय किनाऱ्यावर तळं करायचं तर कोस्टल अ‍ॅक्वाकल्चर अथॉरिटीची नोंदणी लागते. कायदा २००५ चा, २०२३ मध्ये दुरुस्ती झाली. नोंदणीशिवाय खणलेलं तळं पुढे अडचणीत येतं. आणि कांदळवन तोडून तळं करायचा विचार असेल तर तो डोक्यातून काढा, थेट गुन्हा आहे.

पाणी कुठलं?

हे मी मुद्दाम वेगळं लिहितोय, कारण योजनेच्या कागदावर हे ठळक नसतं. कालव आणि शिनाणा पाणी गाळून खातात. म्हणजे पाण्यात जे असेल ते त्यांच्या अंगात साठतं : सांडपाण्याचे जंतू, कारखान्याचे जड धातू, तेल. ७ ऑगस्ट २०१० ला मुंबई बंदराच्या तोंडाशी 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया' ही जहाजं एकमेकांवर आदळली, तेव्हा तेलाचा तवंग आपल्या किनाऱ्यापर्यंत आला आणि मासे खायला लोक घाबरत होते. तसं रोज होत नाही, पण रोहा, महाड, तळोजा इथल्या औद्योगिक वसाहतींचं पाणी शेवटी जातं कुठे, हे आपण सगळे जाणतो.

त्यामुळे उरण, पनवेल, पेणच्या बाजूला दोरीवरचे शिनाणे हा उद्योग मला पटत नाही. तिथे चिखल जास्त, बोटींची वर्दळ जास्त. मुरूड-श्रीवर्धनच्या बाजूला बघायला हरकत नाही. तरी पाण्याची आणि मांसाची तपासणी करूनच पैसे घाला. माल काढल्यावर तो स्वच्छ खाऱ्या पाण्यात एक-दोन दिवस ठेवून पोट साफ करून घेतात, ही सवय मोठ्या हॉटेलांना माल द्यायचा तर पाहिजेच. पण त्याने जंतू कमी होतात, धातू जात नाहीत.

आणि इथेच नोकऱ्या सुरू होतात. पाणी तपासायला माणूस लागतो. बंदर, जेट्टी, कारखाना, रासायनिक पाण्याची पाइपलाइन, कुठलंही काम किनाऱ्यावर आलं की आधी आणि नंतर पाणी, गाळ, तळातले जीव यांची तपासणी करावी लागते. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था (मुख्यालय गोव्यात दोना पावलाला, स्थापना १९६६) हे काम करते, तिचं प्रादेशिक केंद्र मुंबईत अंधेरीला आहे. खासगी प्रयोगशाळाही करतात. आमच्या खाडीवर आलेली मुलं त्यातलीच.

शिक्षण किती लागतं

दहावी झालेल्याला : कोचीची 'सिफनेट' संस्था, शाखा चेन्नई आणि विशाखापट्टणमला. जहाज चालवण्याचा आणि इंजिन फिटरचा असे दोन वर्षांचे कोर्स आहेत. गणित-विज्ञानात बरे मार्क लागतात, प्रवेश परीक्षा असते, वयाची अट कडक असते. आपल्या कोळी मुलांसाठी हे सोन्यासारखं आहे, तरी आपल्याकडून जाणारी बोटावर मोजण्याइतकी.

बारावी विज्ञान झालेल्याला : रत्नागिरीला शिरगावचं मत्स्य महाविद्यालय, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं, १९८१ पासून चालू. बीएफएस्सी, चार वर्षं. नागपूर आणि उदगीरलाही मत्स्य महाविद्यालयं आहेत. प्रवेश सीईटीवर. आणि इथे कान देऊन ऐका : जीवशास्त्र लागतं. माझ्या भाचीला कोणीतरी सांगितलं की इंजिनीअरिंगला गणित पुरे, बायोलॉजी सोड, त्रास कमी. तिने सोडलं. बारावीनंतर शिरगावचा फॉर्म भरायला बसलो तेव्हा मी आणि तिचा बाप एकमेकांकडे बघत राहिलो.

बीएफएस्सीनंतर राज्य खात्यातली सहायक मत्स्यव्यवसाय विकास अधिकाऱ्यासारखी पदं, बँकेत कृषी अधिकारी, खाद्य आणि बी कंपन्यांचे टेक्निशियन, तळोज्याच्या मासळी प्रक्रिया कारखान्यांत गुणवत्ता तपासणी, असे रस्ते आहेत. तळोजा आपल्याच जिल्ह्यात, पनवेल तालुक्यात. तिथे कोळंबी सोलायला आपल्या बायका जातात आणि लॅबमध्ये पांढरा कोट घालून बाहेरची मुलं बसतात.

ज्यांना शिरगाव जमलं नाही त्यांनी जिल्ह्यातल्या कॉलेजात बीएस्सी प्राणिशास्त्र करावं. 'सागर मित्र' हे पद त्या पदवीवरही मिळू शकतं. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत मच्छीमार गावांसाठी हे कंत्राटी पद आहे. मानधन साधारण १५ हजार. कायम नाही, हे लक्षात ठेवा. पण मासळीची नोंद, हवामानाचा निरोप, योजनांचे फॉर्म ही कामं करताना खात्यातली माणसं ओळखीची होतात.

पुढे संशोधनात जायचं असेल तर वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था, १९६१ ची. तिथे पदव्युत्तर आणि पीएचडी होते, देशभरातून मुलं येतात. सागरी मत्स्य संशोधन संस्थेचं केंद्रही मुंबईतच आहे. नेट किंवा गेट पास होऊन प्रकल्पात कनिष्ठ संशोधक झालं तर २०२३ पासून महिना ३७ हजार आणि वर घरभाडं. त्याखालची फिल्ड असिस्टंट, सर्व्हे करणारा, मासळी बंदरावर नोंदी घेणारा अशी पदं थेट मुलाखतीने भरतात, सहा महिने ते तीन वर्षांची. प्रकल्प संपला की काम संपतं. म्हणून घरचं भात, आंबा, जे काही असेल ते सोडू नका.

मुलाखतीत काय विचारतात, हे त्या टीममधल्या मुलीलाच विचारलं होतं. ती म्हणाली, होडीत उलटी होते का, चिखलात उतरशील का, आणि हे शिंपले ओळख. पहिल्या दोन गोष्टी आपल्या मुलांना जन्मतः येतात. तिसरीत गावचं नाव येतं, शास्त्रीय नाव येत नाही. ती वही दोन महिन्यांत भरते. आई-आजीला विचारून एका बाजूला गावचं नाव लिहा, दुसऱ्या बाजूला पुस्तकातलं.

पैसे मागितले की फोन ठेवा

व्हॉट्सअ‍ॅपवर "समुद्र संशोधन विभागात भरती, दहावी पास, पगार ४५ हजार" असे मेसेज फिरतात. आमच्या ओळखीतल्या एका मुलाने नोंदणीचे म्हणून २,२०० रुपये पाठवले. पुढे मेडिकलचे मागितले, मग तो नंबर बंद. थेट मुलाखतीला संस्था यूपीआयवर पैसे मागत नाही. स्पर्धा परीक्षांना फी असते, पण ती सरकारी पोर्टलवर भरायची, कुणा 'सरां'च्या नंबरवर नाही. जाहिरात त्या संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर दिसते का ते बघा. दिसत नसेल तर ती नाही असं समजा.

योजनांसाठी अलिबागला सहायक आयुक्त मत्स्यव्यवसाय यांचं कार्यालय आहे. प्रशिक्षणासाठी रोह्याजवळ किल्ल्याचं कृषी विज्ञान केंद्र गाठा. मत्स्य संपदा योजनेत अनुदान सर्वसाधारण गटाला ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातीला ६० टक्के. म्हणून प्रकल्प घरातल्या बाईच्या नावाने टाकण्यात शहाणपण आहे. पण मग सही आणि बँकेचं पासबुकही तिच्याच हातात राहू द्या. किसान क्रेडिट कार्ड मच्छीमारांना २०१८-१९ पासून लागू आहे, आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये राज्याने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिलाय. बँकेत गेल्यावर "हे शेतकऱ्यांसाठी आहे" असं उत्तर मिळालं तर एवढं तोंडी सांगता येईल.

भाची आता बीएस्सी रसायनशास्त्र करतेय. पाणी तपासणीच्या लॅबला तेही चालतं. तिचा धाकटा भाऊ यंदा दहावीला आहे. अकरावीचा फॉर्म भरताना जीवशास्त्राच्या चौकोनात खूण करायला मी स्वतः त्याच्या शेजारी बसणार आहे. सुट्टीत तो काकूंबरोबर ओहोटीला जातो, वही घेऊन.