जोडे शिवणाऱ्याच्या घराण्याचा माग

आयर्लंडमधल्या ऑफली काउंटीत मनीगॉल नावाचं खेडं आहे, वस्ती जेमतेम तीनशेची. २३ मे २०११ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा तिथे आले, गावकऱ्यांना भेटले आणि गावच्या पबमध्ये बसून गिनेस प्यायले. १८५० साली याच गावातून फॉलमाउथ कार्नी नावाचा एकोणीस वर्षांचा मुलगा न्यूयॉर्कला गेला होता. ओबामांच्या आईच्या कुळात पाच पिढ्या मागे गेलं की तो भेटतो. त्याचे वडील गावात जोडे शिवायचे.

अशा घराचा पत्ता दीडशे वर्षांनी लागतो कसा? राजांचा इतिहास लिहिला जातो, जमीनदारांकडे दस्तऐवज असतात. गरिबाचं नाव कागदावर चढायचं ते चर्चच्या वहीत: बाप्तिस्मा, लग्न, दफन. मनीगॉलच्या परिसरातल्या अशाच जुन्या नोंदी धर्मगुरू स्टीफन नील यांनी २००७ साली चाळल्या आणि कार्नी कुटुंब सापडलं.

त्या नोंदी शिल्लक होत्या, हेच मोठं नशीब. चर्च ऑफ आयर्लंड या प्रोटेस्टंट चर्चच्या शेकडो पॅरिशांनी, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतल्या मंडळींनी, आपल्या वह्या कायद्याप्रमाणे डब्लिनच्या सरकारी दफ्तरखान्यात जमा केल्या होत्या. हा दफ्तरखाना फोर कोर्ट्सच्या आवारात होता. जून १९२२ मध्ये यादवी युद्धात तिथे स्फोट झाला, आग लागली आणि तिथलं जवळजवळ सगळं दफ्तर जळालं. एकोणिसाव्या शतकातल्या जनगणनेची बहुतेक मूळ पत्रकंही उरली नाहीत. काही त्याच आगीत गेली, तर १८६१ ते १८९१ ची सरकारनेच आधी नष्ट केली होती. वाचलं ते ज्या धर्मगुरूंनी वह्या गावातच ठेवल्या त्यांच्याकडचं. कॅथलिक पॅरिशांना तो कायदा लागू नव्हता, त्यामुळे त्यांच्या वह्याही टिकल्या. अनाम माणसांचा एवढा इतिहास आज हाताशी आहे, त्याचं श्रेय या खेड्यापाड्यांतल्या राखणदारांना द्यायलाच हवं.

वही वाचणं मात्र चिकाटीचं काम. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे गाव आणि आडनाव सांगितलं की घराणं एकत्र सापडतं. पॅरिशची वही चालते तारखेनुसार, म्हणून एकेक पान उलटून माणसं गोळा करावी लागतात. त्यात आडनावाचं स्पेलिंग लिहिणाऱ्याच्या कानावर अवलंबून, आणि कॅथलिक वह्यांत पुष्कळदा लॅटिन. जेम्स तिथे याकोबुस होतो. एकाच नावाची तीन माणसं निघाली तर वाडीच्या नावावरून निवड करायची. कॅथलिक बाप्तिस्म्याची नोंद विशेष मोलाची: त्यात बहुधा आईचं माहेरचं आडनाव असतं, शिवाय धर्ममाता-धर्मपित्यांची नावं. हे दोघे अनेकदा मामा, मावशी, काका असे जवळचेच असल्यामुळे एका ओळीतून दोन घरांचं नातं उलगडतं. २०१५ पासून आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने या कॅथलिक वह्यांची पानं इंटरनेटवर मोफत खुली केली आहेत. साधारण १८८० पर्यंतच्या नोंदी घरबसल्या बघता येतात.

एक गोष्ट मात्र या वह्यांत मिळत नाही: गाव सोडून जाणं. १८४५ पासूनच्या बटाट्याच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली आणि तितकीच देशोधडीला लागली. जहाजावर चढणाऱ्याची नोंद धर्मगुरू करत नसे. त्याचं नाव पुढच्या पानांवर येत नाही, इतकंच. म्हणून परदेशी गेलेल्यांचा शोध उलट्या टोकाकडून सुरू करावा लागतो. कार्नींचा शोधही तसाच अमेरिकेतल्या वंशावळीच्या अभ्यासातून सुरू झाला आणि मग मनीगॉलला विचारणा आली.