कोंबडीचे रक्त आणि उघडी जनुके

कोंबडीच्या मेंदूतील पेशी आणि तिच्या रक्तातील तांबडी पेशी यांचा आनुवंशिक ठेवा एकच असतो. हीमोग्लोबिन कसे बनवावे ही माहिती मेंदूच्या पेशीजवळही असते. तथापि ती पेशी आपल्या कामापुरते हीमोग्लोबिन कधी बनवू लागत नाही. मग ही माहिती तेथे मुकी का राहते?

या प्रश्नाला हात घालण्याची एक युक्ती १९७६ साली अमेरिकेत हॅरॉल्ड वाइनट्रॉब व मार्क ग्रूडीन यांनी योजली. मनुष्याची तांबडी पेशी पक्व होताना आपले केंद्रक टाकून देते; पक्ष्यांच्या तांबड्या पेशीत ते शाबूत असते. म्हणून कोंबडीचे रक्त या कामी सोयीचे.

केंद्रकात डीएनएचा धागा मोकळा पडलेला नसतो. हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या असंख्य रिळांवर तो गुंडाळलेला असतो. एकेका रिळावर सुमारे १४७ जोड्या. या दोघा संशोधकांनी पेशींतून केंद्रके वेगळी काढली आणि त्यांवर डीएनए तोडणारे एक विकर थोडा वेळ सोडले. जेथे गुंडाळी सैल, तेथे विकराची कात्री आधी चालते. मग उरलेल्या डीएनएमध्ये हीमोग्लोबिनच्या जनुकांचा अंश किती शिल्लक आहे, हे किरणोत्सर्गी खूण केलेल्या पूरक धाग्याशी जुळवून पाहिले. रक्तपेशींत ही जनुके लवकर नष्ट झालेली आढळली. मेंदूच्या पेशींत तसे झाले नाही. शिवाय रक्तपेशींतच, अंड्याच्या पांढऱ्या बलकातील प्रथिनाचे जनुक मात्र बचावले होते. आमच्या मते प्रयोगाचे खरे बळ या शेवटच्या पडताळ्यात आहे. तो नसता, तर रक्तपेशीतील सारेच डीएनए नाजूक असते असे कोणीही म्हणू शकला असता. एक सावधगिरी मात्र हवी. विकर सांगते ते एवढेच, की जनुक उघडे आहे. त्यावर काम चालू आहे असे नव्हे.

पुढे या कात्रीने जनुकाच्या आसपासच्या अतिसंवेदनशील जागा नेमक्या दाखविता येऊ लागल्या. जनुकाला चालना देणारी नियंत्रणस्थळे पुष्कळदा तेथेच सापडतात. २०१३ साली निघालेल्या एका नव्या पद्धतीने हे काम काही हजार पेशींवरही होऊ लागले.

त्याच वर्षी बॉस्टन येथील संशोधकांनी बीसीएल११ए या जनुकाकडे ही दृष्टी वळविली. गर्भावस्थेतील हीमोग्लोबिन जन्मानंतर बंद पाडण्यात या जनुकाचा मोठा वाटा असतो. ते हीमोग्लोबिन पुन्हा बनू लागले, तर सिकलसेलच्या रोग्याच्या तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होण्याचे प्रमाण घटते. परंतु हेच जनुक मेंदूला आणि प्रतिपिंडे बनविणाऱ्या पेशींनाही लागते. ते समूळ काढणे परवडणारे नव्हते. रक्तपेशींच्या पूर्वजांत मात्र या जनुकाच्या पोटात अशा काही उघड्या जागा आढळल्या, की ज्या त्या इतर पेशींत मिटलेल्या होत्या. त्यांतील एका जागी छेद देणाऱ्या उपचारास नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने मान्यता दिली.

रोग्याच्या मूलपेशी बाहेर काढून, त्यांत हा छेद देऊन, तीव्र औषधांनी मज्जा रिकामी केल्यावर त्या परत सोडतात. अमेरिकेत या उपचाराची जाहीर केलेली किंमत २२ लाख डॉलर होती. आपल्याकडे हा रोग विदर्भात, नंदुरबारात आणि मध्य भारतातील अनेक आदिवासी वस्त्यांत आढळतो; तेथे आज पहिले काम रक्ततपासणीचे आहे.