मुंबईत खोली भाड्याने घेताना : हेवी डिपॉझिटचा हिशेब

मुंबईत कामधंद्यासाठी येणाऱ्या कारागीर बांधवाला आधी डोके टेकायला खोली लागते. कुर्ला, गोवंडी, मुंब्रा या बाजूंना दलाल सांगतो, "पाच लाख ठेवा, महिन्याचे भाडे नाही." यालाच हेवी डिपॉझिट म्हणतात. ऐकायला स्वस्त वाटते. परंतु ही रक्कम म्हणजे धंद्याचे भांडवल. ते अडकले की कच्चा माल उधारीवर उचलावा लागतो आणि उधारीचा भाव नेहमी चढाच असतो. शिवाय मालकाने रक्कम खर्चून टाकली असेल, तर नवा भाडेकरू येईपर्यंत ती सुटत नाही.

म्हणून लिखापढी पक्की हवी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी व नोंदणीकृत असला पाहिजे. नोंदणीची जबाबदारी मालकाची. खर्चाची सबब कोणी सांगू नये. पाच लाखांवर दहा टक्क्यांनी वर्षाचे व्याज पन्नास हजार धरतात. त्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे अवघे १२५ रुपये! महापालिका हद्दीत नोंदणी फी १००० रुपये. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे.

रक्कम चेकनेच द्यावी, चेक नंबर व परतफेडीची तारीख करारात घालावी. सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट पाहावे. खोली पागडीची असून देणारा स्वतःच भाडेकरू असेल, तर मूळ मालकाची लेखी संमती हाती आल्याशिवाय बयाणाही देऊ नये.